निद्रानाश : तो टिकतो कशामुळे आणि त्यावर उपाय काय

(आपल्या सिनेगॉगच्या ज्येष्ठ मंडळापुढे एका निवृत्त परिचारिका भगिनींनी केलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)

 

मंडळाच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता निद्रानाश हा विषय सांगितला. रक्तदाब आणि मधुमेह यांवर इथे डॉक्टर मंडळी बोलून गेली आहेत. परंतु शब्बाथच्या सकाळी तेफिला आटोपून आपण किद्दुशसाठी जमतो, तेव्हा माझ्या कानांवर येते ते निराळेच असते. कोणी म्हणते, तीन वाजल्यापासून डोळ्याला डोळा नाही. कोणी म्हणते, पूर्वी अर्धी गोळी पुरत होती, आता एक लागते. आणि शेजारची भगिनी लगेच आपल्या गोळीचे नाव सांगते. भाजी कोणत्या दुकानात चांगली मिळते हे सांगावे, तसे! आज मला मुख्यत्वे बोलायचे आहे ते याविषयीच.

प्रथम निद्रानाश म्हणजे काय नव्हे, ते सांगते. लेकीचे बाळंतपण आहे, मुलाची नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, अशा वेळी चार रात्री झोप लागली नाही तर तो रोग नव्हे. तो मनुष्यस्वभाव आहे. वयाप्रमाणे झोप हलकी होणे, रात्री दोनदा जाग येणे, हाही रोग नव्हे. गाढ झोपेचा वाटा वयोमानाने कमी होतच जातो. साठीनंतर विशीतली झोप मागणे म्हणजे विशीतले गुडघे मागण्यासारखे आहे. मात्र झोपायला पुरेसा अवसर असूनही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही, किंवा लागली तरी मोडते, त्यापायी दिवसाही त्रास होतो, आणि हे तीन महिने चालले आहे, अशा स्थितीला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन निद्रानाश म्हणते.

मी आयुष्याची पुष्कळ वर्षे रात्रपाळीत काढली, आधी मुंबईत आणि नंतर या देशात. वॉर्डमध्ये एक गोष्ट वारंवार पाहिली. सकाळी डॉक्टर फेरीला आले की रुग्ण शपथेवर सांगत असे की रात्रभर टक्क जागा होतो. आमच्या नोंदवहीत मात्र एक वाजता, दोन वाजता आणि साडेतीन वाजता "शांत झोप" असे लिहिलेले असे. रुग्ण खोटे बोलत नव्हता. झोपेच्या तक्रारीत माणसाला आपली झोप प्रत्यक्षाहून थोडी आणि जागरण प्रत्यक्षाहून लांब भासते, हे प्रयोगशाळांतील मोजमापांतही दिसून आलेले आहे. अंधारात जागेपणाची वीस मिनिटे दोन तासांएवढी वाटतात आणि झोपेचा तास मात्र आठवणीत उरत नाही. म्हणून "मला अजिबात झोप लागत नाही" हे वाक्य आपण थोडे जपून उच्चारावे. दुसऱ्याला पटावे म्हणून नव्हे, तर ते वाक्य आपल्यालाच भिववते म्हणून.

आता झोप येते कशी, ते पाहू. तिला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे असतो, तितके मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन या अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसते. त्याचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सायंकाळी पाचला घेतलेल्या कपाचा अर्धा अंश रात्री दहा वाजताही आपल्या अंगात असतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. मेंदूतील हे घड्याळ प्रकाशावर चालते, विशेषतः सकाळच्या प्रकाशावर. या दोहोंचा मेळ बसला की झोप न बोलावता येते.

याच घड्याळाविषयी आपल्या हैफा येथील टेक्नियनमधील प्राध्यापक पेरेत्स लावी यांनी 1980 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे झोप लागण्यास सर्वांत कठीण असतात. त्यांनी त्यांना झोपेचा निषिद्ध काळ असेच नाव दिले. आता विचार करा. काल रात्री झोप झाली नाही म्हणून आज आपण अकराऐवजी साडेआठलाच पाठ टेकतो. म्हणजे नेमके त्या निषिद्ध काळात जाऊन पडतो! मग कूस बदलत राहतो, आणि साडेनऊला म्हणतो, पाहा, आजही झोप नाही.

इथेच या विकाराची खरी गोम आहे. निद्रानाश सुरू होण्याची कारणे अनेक असतात. शोक, शस्त्रक्रिया, स्थलांतर, युद्ध. ती कारणे निघून जातात, परंतु निद्रानाश राहतो, कारण त्या काळात आपण झोप भरून काढण्यासाठी ज्या युक्त्या केल्या त्या राहतात. लवकर पाठ टेकणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी दोन तास ताणून देणे, रात्री दहा वेळा घड्याळ पाहणे. यातील प्रत्येक युक्ती झोपेची भूक थोडी थोडी मारते. जेवणाआधी दिवसभर चिवडा खाल्ला आणि ताटावर भूक नाही म्हणून वैद्याकडे गेले, तसा हा प्रकार आहे. त्यातच अंथरूण हे झोपेचे ठिकाण न राहता चिंता करण्याचे ठिकाण होऊन बसते. सोफ्यावर बातम्या पाहताना ज्याची मान लवते, तोच शय्येवर जाताच खडबडून जागा होतो. असे इथे किती जणांचे होते? पाहा, हात वर झाले.

म्हणून पहिला उपाय अंथरुणाचा आहे. डोळे पेंगू लागल्याखेरीज अंथरुणावर जायचे नाही. जाऊन सुमारे वीस मिनिटे झाली असे वाटले, तर उठायचे. "असे वाटले" म्हणते, कारण घड्याळ पाहायचे नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे. दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली बसावे, काही सौम्य वाचावे, आणि पुन्हा पेंग आली की परतावे. एका रात्रीत हे चार वेळा करावे लागले तरी करावे. एस्तेरच्या मेगिल्लातील राजाची झोप उडाली तेव्हा त्याने काय केले, हे आपण दरवर्षी ऐकतो. तो तळमळत पडून राहिला नाही, त्याने राज्याची दप्तरे वाचायला सांगितली. त्याहून नीरस वाचन कोणते असेल? उपचार म्हणून ते अगदी योग्य होते. त्या रात्री दप्तरातून मोर्दखयाचे नाव निघाले, म्हणून राजाला झोप लागली नसेल, ही गोष्ट वेगळी.

शब्बाथला हे कसे जमवावे, असे मला अनेकींनी विचारले आहे. रात्री उठले तर दिवा लावता येत नाही, म्हणून त्या अंधारात पडून राहतात. त्यासाठी शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वीच बाहेरच्या खोलीत एक लहान दिवा लावून ठेवावा, खुर्चीवर पातळ शाल आणि मोठ्या अक्षरांचे तेहिलिम ठेवावे. मेणबत्त्यांच्या उजेडावर मात्र वाचत बसू नये, त्यात झोपेपेक्षा आगीचे भय मोठे. बाकी शब्बाथसारखी उत्तम व्यवस्था झोपेला दुसरी नाही. टेलिव्हिजन बंद, मोबाईल बंद. हानी करते ती दुपारच्या जेवणानंतरची झोप. ती सोडा, असे मी म्हणणार नाही. शब्बाथची डुलकी हा आपला आनंद आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु अर्धा तास, आणि तीन वाजण्यापूर्वी. नातवंडांना उठवण्याचे काम सांगा, ती ते मोठ्या आवडीने करतात.

दुसरा उपाय ऐकायला उफराटा वाटेल, पण माझ्या मते तोच सर्वांत गुणकारी. अंथरुणावरचा वेळ कमी करायचा. समजा, एक गृहस्थ रात्री नऊला पडतात आणि सकाळी सहाला उठतात. म्हणजे नऊ तास. प्रत्यक्ष झोप मात्र साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास ते अंथरुणावर जागरण करण्याचा सराव करतात. त्यांनी दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने झोपेची नोंद ठेवावी, सरासरी काढावी, आणि मग रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच वेळ अंथरुणाला द्यावा. उठण्याची वेळ पक्की, रात्र कशीही गेली तरी. पहिले आठ-दहा दिवस जड जातात, हे आधीच सांगून ठेवते. माणूस चिडतो, जेवताना पेंगतो. मग झोपेची भूक साठते आणि ते सहा तास सलग होऊ लागतात. त्या वेळातील 85 टक्के भाग झोपेत जाऊ लागला की आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत. साडेपाच तासांच्या खाली मात्र कोणी जाऊ नये. ज्यांना अपस्माराचे झटके येतात, ज्यांना उन्मादाचा आजार आहे, किंवा ज्यांना रोज गाडी चालवावी लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे मुळीच करू नये.

या दोन्ही रीती, आणि त्यांच्या जोडीला झोपेविषयीच्या भयाचे निराकरण, यांना मिळून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती म्हणतात. 2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने आपल्या शिफारशींत दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांसाठी हाच पहिला उपचार सांगितला. गोळी त्यानंतर. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो, कारण कुपत होलीममध्ये डॉक्टरांना दहा मिनिटे असतात, आणि गोळी लिहायला एक मिनिट पुरते.

काहींची तक्रार निराळी असते. त्यांना आठलाच अनावर झोप येते आणि तीनला डोळे उघडतात. त्यांचे घड्याळच पुढे सरकलेले असते, जे उतारवयात पुष्कळांचे होते. आठ ते तीन म्हणजे सात तास झाले, झोप पुरी झाली! त्यांनी सायंकाळी मावळतीच्या उजेडात बाहेर फिरावे, घरात दिवे मोठे ठेवावे, आणि पहाटेच्या प्रकाशात लगेच बाहेर पडू नये. ज्यांना उशिरापर्यंत झोप येत नाही, त्यांनी याच्या उलट करावे. उठल्याबरोबर बाल्कनीत जाऊन बसावे.

आणखी एक उपद्रव आपला खास आहे. भारतात सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. तिकडचे आप्त उठून फुलांचे चित्र आणि सुप्रभात पाठवतात, आणि इकडे उशाशी मोबाईल वाजतो. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण मोबाईल उशाशी नको.

इथे कोणी म्हणेल, मोबाईल दूर ठेवला तर सायरनची सूचना कशी कळणार? प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याच विषयाकडे येत होते. 1991 साली स्कड क्षेपणास्त्रे बहुतेक रात्रीच येत, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. त्यानंतरही अशा रात्री पुन्हा पुन्हा आल्या आहेत. ज्या रात्री सायरन वाजत नाही, त्या रात्रीही एक कान उघडाच राहतो. हा मेंदूचा दोष नव्हे. पहारा देणे हे त्याचे कामच आहे. वॉर्डमध्ये तीस माणसे झोपू शकत, कारण त्यांना ठाऊक असे की एक परिचारिका जागी आहे. म्हणून माझी सूचना अशी आहे की घरात पाळी लावा. आज सूचनांचा मोबाईल मुलाच्या खोलीत, उद्या सुनेच्या. जो पाळीवर असेल तो सर्वांना उठवील. एकटे राहणाऱ्यांनी शेजाऱ्याशी ठरवून घ्यावे, आणि मोबाईल खोलीत पण हाताच्या अंतराबाहेर ठेवून फक्त आपल्या गावाच्या सूचनेपुरता आवाज चालू ठेवावा. पायात घालायचे बंद जोडे पलंगाशी, वाटेत मंद दिवा, वाटेवरची सतरंजी गुंडाळलेली. ज्यांना ममादपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यांनी अशा दिवसांत तिथेच अंथरूण घालावे. धोका टळून परत आल्यावर बातम्या लावू नयेत. बातम्या सकाळीही असतात.

आता गोळ्या. इथे मी थोडी कठोर बोलणार आहे, ते आपण सहन करावे.

आपल्या घरांत बोंडोर्मिन या नावाने जी गोळी ओळखली जाते, ती ब्रोटिझोलाम. लोराझेपाम, ऑक्झाझेपाम आणि क्लोनाझेपाम ही तिच्याच कुळातील. झोपिक्लोन आणि झोल्पिडेम ही नात्याने थोडी दूरची, पण काम तेच करणारी. थोड्या दिवसांच्या संकटात डॉक्टरांनी दिली तर यांचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. परंतु महिनोन्‌महिने घेतली की शरीर त्यांना सरावते, गुण कमी होतो आणि अवलंबून राहणे वाढते. उतारवयात यकृत आणि मूत्रपिंडे सावकाश काम करतात, म्हणून गोळीचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. रात्री दोनला लघवीला उठलेला माणूस त्या अंमलात चालतो, आणि पडतो. कमरेचे हाड मोडून रात्री दाखल झालेल्या किती वृद्धा मी पाहिल्या! पिशवीतील औषधे काढून त्यांची यादी करण्याचे काम माझे असे, आणि त्यांत झोपेची गोळी पुष्कळदा असे. सायरनच्या रात्री तर हाच माणूस अर्धवट गुंगीत जिना उतरतो. वृद्धांच्या औषधोपचाराविषयी अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीची जी यादी डॉक्टर वापरतात, तीत या गोळ्या ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत असेच म्हटलेले आहे. किद्दुशची व्हिस्की आणि ही गोळी एकाच रात्री पोटात जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. शेजारणीला गोळी उसनी देण्याची चाल तर आजपासून बंद करा. साखर उसनी द्या.

मात्र हे ऐकून घरी जाऊन डबी कचऱ्यात टाकू नका! वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकाएकी थांबवली तर झोप अधिकच उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची असते. त्याला कित्येक महिने लागू शकतात. हे जमते का? 2014 साली कॅनडातील एका अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना, ज्यांचे सरासरी वय 75 होते, केवळ एक माहितीपुस्तिका दिली. तीत गोळीचे धोके आणि ती कमी करण्याचे वेळापत्रक होते. सहा महिन्यांनी त्यांतील 27 टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती, त्यांत हे प्रमाण 5 टक्के होते. निव्वळ माहितीने एवढे घडते, म्हणून तर मी आज इथे उभी आहे.

काही गोष्टी मात्र माझ्या उपायांनी जाणाऱ्या नाहीत. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसा कुठेही झोप येणे, ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे आहेत. आपले यजमान किंवा पत्नी हे आपल्याला सांगत असतील तर रागावू नका, तपासणी करून घ्या. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, तर रक्तातील लोहाचा साठा पाहावा लागतो. लघवी होण्याची गोळी सायंकाळी घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारा. आणि पहाटे जाग येते, मन काळवंडलेले असते, कशातच रस उरलेला नाही, असे असेल तर तो केवळ निद्रानाश नसतो. घरात कोणाला लाज वाटेल म्हणून ते दडवू नये.

मघाशी एका भगिनींनी चिठ्ठी पाठवून मेलॅटोनिनविषयी विचारले आहे. मेलॅटोनिन हे गुंगीचे औषध नव्हे, ते शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे द्रव्य आहे. सावकाश विरघळणारी त्याची 2 मिलिग्रॅमची गोळी आपल्याच देशातील कंपनीने तयार केली. 2007 साली तिला युरोपात 55 वर्षांवरील लोकांसाठी मान्यता मिळाली. तिचा गुण सौम्य आहे, सवय लागण्याचे भय फारसे नाही. पण रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आधी विचारावे, आणि तिच्या भरवशावर दुपारी दोन तास झोपू नये.

दुसऱ्या एका बंधूंचा प्रश्न आहे की दारफाळणीच्या रोजात डोके दुखते आणि आदल्या रात्री झोप येत नाही, तर काय करावे. डोकेदुखीचे एक मोठे कारण म्हणजे एकाएकी तुटलेली कॉफी. सणाच्या आठवडाभर आधीपासून रोज एकेक कप कमी करीत जावे. झोपेलाही त्याचा फायदा होईल.

दाराजवळच्या टेबलावर झोपेच्या नोंदीचे कागद ठेवले आहेत, मराठीत आणि हिब्रूतही, कारण सुनांना आणि डॉक्टरांनाही ते वाचता आले पाहिजेत. दोन आठवड्यांचा एक कागद आहे. तो सकाळी उठल्यावर अंदाजाने भरायचा, रात्री दिवा लावून नव्हे. कुपत होलीममध्ये जाताना तो आणि घरातल्या सर्व गोळ्यांची डबी बरोबर न्यावी. ज्यांना भरताना अडचण येईल, त्यांनी बुधवारी दुपारी मला इथे भेटावे; मी असते.